वेशीबाहेरचा येशू आणि वेशीतलं चर्च

‘तू बाबासाहेबांचं नाव घेतोस, मग रविवारी चर्चमध्ये काय करायला जातोस?’ हा प्रश्न मला आपल्या पोरांनी शंभरदा विचारलाय. अभ्यासवर्गात विचारलाय, मोर्चात विचारलाय, टपरीवर चहा पिताना विचारलाय. आणि चर्चमधली माणसं उलटं विचारतात, ‘तू बाप्तिस्मा घेतलेला माणूस, जय भीम कशाला करतोस?’ दोन्हीकडची दांडकी एकाच पाठीवर. म्हणून म्हटलं, एकदा कागदावरच उतरवू.

चर्च कशासाठी असतं? आणि त्याच्यात असणं म्हणजे नेमकं काय असणं? दोनच प्रश्न. बाकीचं गुळमुळीत बोलणं पाळकसाहेबांसाठी ठेवू.

पहिली गोष्ट शब्दाची. आमच्या नगर जिल्ह्यात (आता त्याचं अहिल्यानगर झालंय) जुनी माणसं चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. इमारतीला देऊळ म्हणतील, पण ‘मंडळी’ म्हणजे माणसं. ‘मंडळीत घेतलं’, ‘मंडळीतून काढलं’ असं बोलतात. भिंती पडल्या, घंटा चोरीला गेली, बाकडी वाळवीनं खाल्ली तरी मंडळी उरते. आणि माणसंच एकमेकांची नसतील तर घंटा दिवसभर बडवा, मंडळी होत नाही.

ही मंडळी जमते कशाला? गाणी म्हणायला? गाणी तर भजनी मंडळही म्हणतं. पाप धुवायला? त्यासाठी चंद्रभागा वाहतेच आहे. दानधर्माला? तो शेठजीही करतो आणि पावती दाखवून आयकर वाचवतो. एवढ्यासाठी सातासमुद्रापलीकडचा देव कशाला लागतो?

मंडळीची खरी खूण एकच आहे, प्रभुभोजन. एक भाकर मोडायची, एका प्याल्यातून प्यायचं. दोस्तांनो, हा प्याला नीट बघा. ज्या देशात आमच्या सावलीचा विटाळ होत होता, त्या देशात एका प्याल्याला सगळ्यांनी ओठ लावायचे म्हणजे काय? २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लागला आणि गाव लाठ्या घेऊन धावलं. का धावलं? पाणी संपणार होतं म्हणून? नाही. पाण्याबरोबर बरोबरी जाणार होती म्हणून. त्या प्याल्यात हेच पाणी आहे. पण एक फरक आहे. महाडचं पाणी आपण भर गावासमोर प्यालो. चर्चचा प्याला दार लावून पितात. एकाच जातीची माणसं दाराआड एका प्याल्यातून प्याली तर त्यात कसली क्रांती? ते महारवाड्यातही पीतच होते की.

दुसरी खूण. येशूला कुठं मारलं? देवळात नाही, राजवाड्यात नाही. वेशीबाहेर नेऊन मारलं. मराठी शास्त्रात शब्दच तो आहे, वेशीबाहेर. वेशीबाहेर म्हणजे काय हे महारा-मांगाला कुणा पंडितानं समजावून सांगायची गरज नाही. आपला पत्ताच तो होता. मेलेलं ढोर तिकडं, महारवाडा तिकडं, मांगवाडा तिकडं. म्हणून माझं म्हणणं असं की वेशीबाहेरच्या माणसाच्या बाजूला उभं राहणं हेच चर्चचं काम. हे काम सोडून चर्च जे जे काही करतं ते भाडं, व्याज आणि देखभाल.

आता इतिहासाकडं या. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. पुढं शाळा निघाल्या, ‘ज्ञानोदय’ निघाला १८४२ साली. याच ‘ज्ञानोदया’त १८५५ साली मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या पोरीचा निबंध छापून आला. मांगाची पोर, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली. वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, असा सवाल तिनं देवालाच टाकला. तो छापायला त्या काळी मिशनचं पत्र तयार झालं. हे मी मान्य करतो, आणि तुम्हीही करा. जोतीराव स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. पुढं ‘सार्वजनिक सत्यधर्म’ सांगताना एका घरात नवरा, बायको, पोरं वेगवेगळ्या धर्माची असली तरी गुण्यागोविंदानं नांदावीत असं तेच लिहून गेले. मिशनऱ्यांचं सगळंच वाईट असं म्हणणारा एक तर इतिहास वाचत नाही, नाहीतर शाखेत जातो.

आमचे आजे-पणजे ख्रिस्ती झाले तेव्हा गाव म्हणालं, ‘पोटासाठी बाटले.’ १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला आणि त्या आसपास बाप्तिस्मे वाढले, खरं आहे. पण मला एक सांगा, पोटासाठी बाटले असं म्हणणारं तोंड कुणाचं? ज्याच्या घरात पेव भरलेलं होतं त्याचं. पेवाचं तोंड बंद ठेवायचं आणि उपाशी माणसानं भाकर कुठं खाल्ली याची चौकशी करायची! आणि नुसतं पोटच असतं तर दुष्काळ सरल्यावर सगळे परत आले असते. आले नाहीत. कारण तिथं पाटी मिळाली. तिथं कुणीतरी ‘अरे’ऐवजी नावानं हाक मारली. माझ्या पणजीला बायबलबाईनं अक्षर शिकवलं. एका महारणीच्या बोटाखाली छापील ओळ आली. ती ओळ कुठल्या ग्रंथातली होती यापेक्षा बोट कुणाचं होतं हे मला मोठं वाटतं.

मग बिघडलं कुठं?

बाबासाहेबांनी ते अचूक सांगून ठेवलंय. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर त्यांनी लिहिलं आहे. महाराष्ट्र सरकारनं १९८९ साली छापलेल्या इंग्रजी पाचव्या खंडात ते मिळेल, काढून वाचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मिशनरी आधी ब्राह्मणाच्या मागं धावले. शाळा-कॉलेजं, दवाखाने काढले, त्यांचा मलिदा वरच्या जातींनी खाल्ला. आणि गरीब ख्रिश्चनाला शिकवलं काय? तर तुझी दशा तुझ्या पापामुळं. पाप आतलं, म्हणजे दुरुस्तीही आतली. मग बाहेरच्या व्यवस्थेशी भांडायचं कारणच उरलं नाही. ज्याला वेशीबाहेर टाकलं त्यालाच गुडघे टेकून क्षमा मागायला लावली! अपराध गावाचा आणि पश्चात्ताप महाराचा. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत बाबासाहेब बोलले, तेव्हाही त्यांनी येशूबद्दल आदर ठेवला आणि चर्चमधल्या जातीबद्दल, ख्रिस्ती समाजाच्या राजकीय थंडपणाबद्दल तोंडावर सुनावलं. आमच्या चर्चमध्ये त्यातला पहिला भाग सांगतात. दुसरा गिळतात.

ब्राह्मणाच्या मागं धावणं अजून संपलेलं नाही. मराठी ख्रिस्ती म्हटलं की लोकांच्या तोंडी नावं कुणाची? ना. वा. टिळक, पंडिता रमाबाई. माणसं मोठी, वाद नाही. टिळकांची गाणी म्हणतच मी वाढलो. पण ज्या हजारो महारा-मांगांनी चर्चची बाकडी भरली, दगड वाहून देवळं बांधली, सुगीला पोत्यातून वर्गणी घातली, त्यांतलं एक नाव सांगा. पाळकालाही सांगता येत नाही.

आणि जात? ‘आमच्यात जात नाही’ हे वाक्य मी बिशपांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ते मतांगीकारातच छापलंय असं वाटतं. गोव्यात जा. शेकडो वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेल्यांत बामण, चाड्डी, सुदीर ही उतरंड लग्नाच्या वेळी अजून बाहेर पडते. तामिळनाडूत जा. तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत सवर्णांची थडगी आणि दलितांची थडगी यांच्यामध्ये भिंत घातली गेली. मेल्यावरसुद्धा विटाळ! त्याच राज्यात एरैयूरला २००८ साली दलित कॅथलिकांनी बरोबरीचा हक्क मागितला तर वन्नियार कॅथलिकांनी त्यांच्या वस्तीवर हल्ला केला. क्रूस एक, पोप एक, आणि दगड मात्र आपल्याच डोक्यात. लांब कशाला, आमच्याकडं पहा. महार ख्रिस्ती मांग ख्रिश्चनाच्या घरी पोरगी देतो का? विचारा. ‘तसं काही नाही हो, पण...’ असं सुरू होईल. त्या ‘पण’मध्ये अख्खा मनू बसलाय.

कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं २०१६ साली दलितांसाठीचं धोरण छापलं आणि चर्चमध्ये अस्पृश्यता आहे, वरच्या जागांवर दलित फार थोडे आहेत, हे कबूल केलं. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले; पहिले दलित कार्डिनल म्हणून पेपरात फोटो आले. आनंद आहे. पण त्याला २०२२ उजाडावं लागलं! आमच्या प्रोटेस्टंटांचं वेगळं. सहा चर्चपंथ एकत्र येऊन नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला उत्तर भारतीय चर्च झालं. वाटाघाटी सुरू झाल्या होत्या १९२९ ला. एकेचाळीस वर्षं! कशावर? बाप्तिस्मा तान्ह्या पोराला द्यायचा की मोठ्या माणसाला, बिशप असावा की नसावा, यावर. या एकेचाळीस वर्षांत चवदार तळ्याचा खटला लढून जिंकला गेला, येवल्याची घोषणा झाली, संविधान झालं, आणि त्याच नागपुरात १९५६ साली लाखोंनी धम्म घेतला. आमचे लोक पाणी किती आणि कुणाच्या डोक्यावर याचा हिशेब करीत बसले.

आता सरकारी कागद. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा तिसरा परिच्छेद म्हणाला, हिंदू नाही तो अनुसूचित जातीचा नाही. १९५६ साली शिखांना आत घेतलं, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान दाराबाहेर. सूसाई नावाचा चांभार मद्रासच्या रस्त्याकडेला चपला शिवत होता. सरकारनं चांभारांना टपऱ्या वाटल्या, याला दिली नाही, का तर हा ख्रिस्ती. आरी तीच, चामडं तेच, फुटपाथ तोच. तो सुप्रीम कोर्टात गेला. १९८५ साली कोर्ट म्हणालं, ख्रिस्ती झाल्यावरही तोच जाच तेवढ्याच तीव्रतेनं राहतो याचा पुरेसा पुरावा समोर नाही. पुरावा कुणी आणायचा होता? ज्यांच्या कबरस्तानात भिंत होती त्यांनी! बिशप जेव्हा जेव्हा ‘आमच्यात जात नाही’ म्हणतो तेव्हा तेव्हा तो सरकारी वकिलाची फी वाचवतो. हे त्याला कळत नसेल असं मला वाटत नाही.

पुढं आयोगावर आयोग. रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ साली धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. अहवाल फडताळात. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला. २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं चर्चला जाणाऱ्या एका बाईचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला आणि हा संविधानाशी कपट म्हटलं. २०२५ साली आंध्र प्रदेशात एका पास्टरनं जातीवरून शिव्या आणि मारहाण झाल्याची फिर्याद दिली, उच्च न्यायालयानं ती रद्द केली; ख्रिस्ती झालास, तुला तो कायदा नाही. महाराष्ट्रात आमची सोय ओबीसीच्या यादीत केली. फीचं थोडंफार भागतं. पण १९८९ चा अत्याचारविरोधी कायदा लागत नाही, राखीव मतदारसंघ नाही. म्हणून आमच्यातले कितीतरी कागदावर हिंदू महार आणि रविवारी येशूदास. त्यांना लबाड म्हणायच्या आधी सांगा, जातीचा मार खायला जात आहे आणि दाद मागायला जात नाही, यात कपट कुणाचं?

हे पुस्तकातलं नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावात एका ख्रिस्ती पोराला टोळक्यानं फोडून काढलं. वरातीत मोटरसायकल आडवी आली एवढंच निमित्त. मारताना ‘ए किरिस्तावा’ म्हणाले नाहीत. ‘ए महारड्या’ म्हणाले. मारणाऱ्याला त्याची जात बरोबर ठाऊक होती. ठाण्यात गेल्यावर जात गायब. ठाणेदार म्हणाला, दाखल्यावर ख्रिस्ती आहे, साधी मारामारी लिहितो. आम्ही चौघं चर्चच्या ऑफिसात गेलो, शहरात, मोठ्या साहेबांकडं. साहेब म्हणाले, ‘मंडळी राजकारणात पडत नाही. आपण प्रार्थना करू.’ त्यांच्या टेबलावर तीन जाड फायली होत्या, तिन्ही चर्चच्या जागेच्या दाव्याच्या. जागेसाठी वकील, पोरासाठी प्रार्थना! तिथून आम्ही आपल्या एका पुढाऱ्याकडं गेलो, निळा झेंडा दारावर. त्यानं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, ‘अ‍ॅट्रॉसिटी लागत नाही रे, केसमध्ये दम नाही. आणि तुम्ही तर तिकडं गेलेले.’

तिकडं म्हणजे कुठं? आम्ही गेलो कुठं? घर त्याच वस्तीत, विहीर तीच, शिवी तीच.

पोरांनो, हे तुम्हाला सांगतोय. मी तुम्हाला ख्रिस्ती व्हा म्हणत नाही. तुमचा धम्म तुमचा, आणि बाबासाहेबांनी विचार करून दिलेला. उलट त्या दिक्षेतनं चर्चनं शिकावं असं माझं म्हणणं आहे. बावीस प्रतिज्ञा बघा. माणूस काय मानणार नाही, काय करणार नाही, हे उभं राहून मोठ्यानं म्हणतो. कुठल्या व्यवस्थेतनं बाहेर पडलो हे नाव घेऊन सांगतो. आमच्या बाप्तिस्म्यात पाळक विचारतो, सैतानाचा त्याग करतोस का? माणूस म्हणतो, करतो. पण सैतान कोण ते कुणी सांगत नाही. त्याला काळे पंख आणि शेपूट लावून चित्रात बसवलंय. त्याचं नाव जात आहे, असं बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी एकदा तरी म्हणा की! बघू किती जण पाण्यात उतरतात.

अरविंद निर्मल या मराठी माणसानं १९८१ साली बंगलोरच्या धर्मविद्यालयात उभं राहून सांगितलं की इथलं ख्रिस्ती धर्मचिंतन शूद्रांच्या, दलितांच्या दुःखातनं उगवलं पाहिजे. त्यातनं दलित धर्मचिंतन उभं राहिलं. पुस्तकं झाली, पदव्या झाल्या, परदेशात परिषदा झाल्या. पण ते व्यासपीठावरून बाकड्यावर आलं का? २००६ साली खैरलांजी झाली. आमच्याच जिल्ह्यात खर्ड्याला २०१४ साली शाळकरी पोराला मारलं. मी ज्या देवळात बसत होतो तिथं रविवारच्या प्रार्थनेत राष्ट्रपती, पंतप्रधान, बिशप, आजारी बहिणी, परीक्षेची मुलं, सगळ्यांची नावं निघाली. या दोन गावांचं नाव निघालं नाही.

मग मी का राहतो? केरळात पोयकयिल योहन्नान (१८७९–१९३९) चर्चमधल्या जातीला विटून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची सभा काढली. त्यांना मी दोष देत नाही. पण मी बाहेर पडलो तर आत उरेल कोण? फायलीवाला साहेब. ते देऊळ माझ्या पणज्यानं दगड वाहून बांधलंय. त्या जागेवर, त्या शाळेवर, त्या कॉलेजच्या प्रवेशयादीवर आमच्या वस्तीचा हिस्सा आहे. मंडळीत असणं म्हणजे वहीत नाव आणि वर्गणीची पावती नव्हे. मंडळीत असणं म्हणजे हिशेब मागायचा हक्क, आणि दुसऱ्याच्या पाठीवरचा वळ आपला मानायची सक्ती. हा हक्क आणि ही सक्ती नको असेल तर क्लब काढा, पत्त्याचा.

माझ्या मागण्या साध्या आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी जातीचा त्याग नाव घेऊन करून घ्या. ‘आमच्यात जात नाही’ म्हणणं बंद करा आणि आहे ती जात कोर्टात, आयोगापुढं पुराव्यानिशी मांडा. मिशनच्या शाळा-कॉलेजांत आमच्या वस्तीतली किती पोरं घेतली याचा आकडा दरसाल मंडळीपुढं वाचा. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात सोयरीक जुळवायला पाळकानं स्वतः पुढं व्हावं, आणि पहिलं लग्न स्वतःच्या घरातलं लावावं. आणि जिथं कुठं वेशीबाहेरच्या माणसावर हात पडेल, मग तो बौद्ध असो, मातंग असो, पारधी असो, त्या रविवारची उपासना त्या गावात करा. प्याला तिथं घेऊन जा. भर चावडीसमोर.

आणि तुमच्याकडं एकच मागणं. आमच्या पोराला मार पडला तर आधी त्याचा दाखला मागू नका. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. आमचे पणजे त्याच्याही आधी त्या घरातून बाहेर पडले होते. दार वेगळं होतं, घर तेच होतं. तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची मागणी तुमच्या मोर्च्याच्या पत्रकात छापा. ‘वाटा कमी होईल’ अशी भीती कुणी घालत असेल तर त्याला विचारा, १९९० साली बौद्धांना सवलती देताना हेच कोण म्हणत होतं?

यावर कुणाला भांडायचं असेल तर भांडा. पाळकांनी भांडावं, आपल्या पोरांनीही भांडावं. शिव्या चालतील. पण लिहून द्या, पुढच्या अंकात छापू. मी येत्या रविवारी देवळात आहे, दुसऱ्या बाकड्यावर, आणि सोमवारी मोर्चात. दोन्हीकडं हाच कागद वाटणार आहे.

जय भीम.